रुखवतातली तरफ

माझ्या भाचीच्या लग्नात रुखवत कोसळलं ते गुरुत्वाकर्षणामुळं, माझ्यामुळं नव्हे. हे मी त्या दिवशीही सांगितलं आणि आजही ठामपणे सांगते. पण आमच्या नात्यागोत्यात गुरुत्वाकर्षणाला कुणी जाब विचारत नाही. ते कुणाची मामी लागत नाही ना!

मी सोलापुरात एका शाळेत इतिहास शिकवते. गेल्या वर्षी आमच्या विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, नववीचं विज्ञान तुम्ही घ्या."

"सर, मी इतिहासाची."

"मग काय झालं? ते शोधही जुनेच आहेत की!"

मी घाबरणाऱ्यांतली नाही. घरी आले, कुकर लावला आणि मोबाइलवर 'बल म्हणजे काय' असं शोधलं. मला वाटलं होतं, एखाददुसरा व्हिडिओ सापडेल. सापडली ती अख्खी जत्रा! एक हिंदी सर होते, ते फळ्यापुढं उभं राहून इतके ओरडायचे की शेजारच्या वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "कुणाचं भांडण लागलंय?" एक गोरे आजोबा बर्फावर ढकलगाडी ढकलून दाखवायचे. त्यांचं इंग्रजी कळायचं नाही, पण गाडी कळायची. कुठल्याशा खेड्यातले एक गुरुजी विहिरीचा रहाट, अडकित्ता, चिमटा असलं घरातलं सामान घेऊन मराठीत शिकवायचे. मधूनच त्यांची म्हैस ओरडायची. ती ओरडायची थांबेपर्यंत गुरुजीही थांबायचे आणि तेवढ्यात माझं डोकं ताळ्यावर यायचं. (जाहिराती मात्र सगळीकडं सारख्याच. गतीचा तिसरा नियम ऐन रंगात आला की गुडघेदुखीचं तेल!)

आणि एका संकेतस्थळावर तर चक्क खेळायला सी-सॉ होता. बोटानं विटा उचलायच्या, इकडं ठेवायच्या, तिकडं ठेवायच्या आणि फळी तोलायची. टेकूपासून लांब ठेवलेली लहान वीट जवळच्या थोराड विटेला उचलून धरते, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजायचं भानच राहिलं नाही. वरणाचा कोळसा झाला. पण तरफ समजली!

नववीचा वर्ग झकास चालला. घरात मात्र नवऱ्याचे हाल सुरू झाले. तो दार उघडायला गेला की मी म्हणायची, "अहो, बिजागरीजवळ ढकलून बघा बरं!" तो ढकलायचा, दार हलायचं नाही, आणि मला शिकवल्याचा आनंद व्हायचा. एकदा तो गॅसवर पापड भाजत होता.

"हातात काय आहे तुमच्या?" मी विचारलं.

"पापड."

"चूक! तिसऱ्या प्रकारची तरफ."

त्यानं शांतपणे चिमटा खाली ठेवला आणि पापड तसाच कच्चा खाल्ला. पण विद्या अशानं थांबत नसते.

अशा सगळ्या तयारीत असताना केतकीचं लग्न ठरलं. केतकी म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. माझा नवरा तिचा एकुलता एक मामा आणि मी पर्यायानं एकुलती एक मामी. मुलगा जेऊरचा, शेतीवाडी चांगली, स्वतः पुण्यात नोकरीला. सगळं छान जुळलं. फक्त साखरपुड्यात त्याच्या आईनं, म्हणजे होणाऱ्या विहीणबाईंनी, चहाची बशी खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "पोरगी शिकलेली हाय, ते कळलं. दिसायलाबी ग्वाड हाय. आता घर कसं हाय, ते आमी रुखवतात बगू."

एवढंच म्हणाल्या. पण त्या रात्रीपासून वन्संना जेवण जाईना.

"शैला, अगं ती बाई बघायला येणार म्हणजे चष्मा लावून येणार. काही कमी निघालं तर केतकीला जन्मभर ऐकावं लागेल. 'तुझ्या आईनं रुखवतात हे मांडलं होतं नि ते मांडलं होतं!' माझ्या सासूनं मला शेवटपर्यंत ऐकवलं ते लोकरीच्या पोपटावरनं. मेली बिचारी, पण पोपटाला विसरली नाही."

केतकी कोपऱ्यात बसून नखं खात होती. एरवी ही पोरगी कुणाला ऐकत नाही, पण त्या दिवशी म्हणाली, "मामी, लोकरीचा पोपट नको हं. प्लीज!"

आणि मी म्हणून गेले, "रुखवत माझ्याकडं सोपवा."

वन्संनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी विमान चालवते म्हणाले. "तुझ्याकडं? तुला साधी फुलवात वळता येत नाही गं!"

"वन्सं, फुलवातीला हात लागतो. मी करणार आहे त्याला डोकं लागतं."

माझा बेत असा होता. टेबलावर एक लांब फळी आडवी ठेवायची. फळीचा निम्म्याहून जास्त भाग टेबलाच्या काठाबाहेर, हवेत. त्या बाहेरच्या टोकावर कडक भाकऱ्यांचा बंगला. (आमच्या सोलापूरची कडक भाकरी म्हणजे पापडासारखी कडकडीत. महिनाभर टिकते, कापून आकार देता येतो आणि गुळाच्या पाकानं भिंतीला भिंत चिकटते. सिमेंटवाल्यांनी शिकावं!) बंगल्याला गॅलरी, गॅलरीत झोपाळा आणि झोपाळ्यावर सुपारीचे नवरा-नवरी. बघणाऱ्याला काय दिसणार? जमिनीवर टेकलेला खांब नाही, वरून बांधलेली दोरी नाही, आणि अख्खा बंगला अधांतरी! रहस्य मागं. फळीच्या आतल्या टोकावर तोलाला भार, आणि त्याच्यापुढं पडद्यासारखी टांगलेली चादर.

भार म्हणून मी शेंगाचटणीची मोठी बरणी ठेवली.

"वीट ठेव की," नवरा म्हणाला.

"रुखवतात वीट? विहीणबाई म्हणतील, घर बांधायला घेतलंय का? चटणी तशीही द्यायचीच आहे. एका वस्तूत दोन कामं."

"मग निदान फळीला खिळा मारू का?"

"खिळा मारल्यावर विज्ञान कुठं राहिलं?"

या वाक्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

घरी करून पाहिलं तेव्हा बंगला तासन् तास डौलात उभा राहिला. वन्सं बघायला आल्या. त्यांनी टेबलाला फेरी मारली, वाकून फळीखाली पाहिलं, बंगल्याखालून हात फिरवला. मग म्हणाल्या, "खाली काहीच नाही की गं!" आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, वन्संनी माझ्या कुठल्याही गोष्टीकडं इतका वेळ न बोलता पाहिलं नव्हतं. केतकीनं तर मला मिठीच मारली. मीही पदराला हात पुसत, जसं काही हे रोजचंच आहे अशा थाटात, तरफेचा नियम दोघींना समजावून सांगितला. त्यांनी ऐकला नाही. पण कौतुकानं ऐकला नाही!

लग्नाच्या दिवशी सकाळी मी कार्यालयात सगळ्यांच्या आधी पोचले. स्टेजच्या बाजूला टेबल लावलं, फळी तोलली, बंगला चढवला. आमच्या घरची लाल-काळी चादर मागं दोरीवर टांगली, चादरीमागं चटणीची बरणी. पुढं बाकीचं किरकोळ मांडलं: तोरण, अभ्रे, मोत्यांची महिरप. मंडपातला जवळचा पंखा बंद करून त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली. विज्ञानात आधीच विचार करावा लागतो. मी सगळ्याचा विचार केला होता. वाऱ्याचा, ढोलाच्या हादऱ्याचा, धावणाऱ्या मुलांचा.

जेऊरकरांचा केला नव्हता.

वऱ्हाड उतरलं, नाश्त्याला उपीट वाढलं गेलं, आणि नवऱ्या मुलाचे एक धिप्पाड काका, डोक्याला भगवा फेटा, हातात उपिटाची बशी, सगळं कार्यालय फिरून बघत बघत नेमके चादरीमागं गेले. मला फक्त त्यांचा आवाज आला.

"आरं! शेंगाची चटणी हाय की हितं!"

मी धावले. काकांनी बरणीचं झाकण उघडून उपिटावर चटणीचा डोंगर केला होता. पुढच्या बाजूला बंगला किंचित हलला. नव्या सुनेनं मान हलवावी, तेवढाच.

"काका, ते जरा..." मी सुरुवात केली, तेवढ्यात वन्संनी मागून माझा दंड पकडला.

"शैला! वरपक्ष आहे. 'नको' म्हणायचं नाही."

"वन्सं, पण तो भार आहे!"

"असू दे भार. त्यांच्याच मुलाचं लग्न आहे."

काकांनी एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल अशी हाक दिली. "या रं हिकडं! अस्सल हाय! उखळात कुटलेली हाय, मिक्सरची न्हाय!"

त्यानंतर चादरीमागं पंगतच बसली म्हणा ना. कुणी बशी घेऊन आलं, कुणी पुरी घेऊन, एकजण तर दह्याची वाटी घेऊन आला. तो घरूनच तयारीनं आला असावा. मी हसत हसत "घ्या ना, अजून घ्या" म्हणत होते आणि मनात बंगल्याची भारभुजा मोजत होते. सोलापूरच्या बाईनं शेंगाचटणी तोलाला ठेवावी आणि ती शिल्लक राहील असं समजावं, याला काय म्हणावं? कुठल्याही संकेतस्थळावरच्या सी-सॉवरच्या विटा कुणी खात नव्हतं हो!

मी पटापट हालचाल केली. ओटीचे नारळ पिशवीसकट फळीवर ठेवले. बंगला सावरला. इतक्यात गुरुजींचा माणूस आला. "बाई, नारळ इथं आहेत होय? गुरुजी मघापासून शोधतायत." गेले नारळ! मी माझी पर्स ठेवली. तीत इतकं काही असतं की तिच्यावर संसार तोलता येतो, मग बंगला का नाही? पण वन्सं आल्या, "केतकीच्या शालूला टाचण्या हव्यात" म्हणाल्या आणि पर्सच घेऊन गेल्या. पाण्याचा जार ठेवला, तो वाढप्यानं उचलला. जे म्हणून जड होतं, ते त्या दिवशी कुणाला तरी हवंच होतं. मांडवातल्या सगळ्या वस्तूंना कामं होती. रिकामा होता तो फक्त माझा नवरा.

मी त्याला ओढत चादरीमागं आणला. "इथं हात ठेवून उभे राहा. दाबून धरा. हलायचं नाही."

"किती वेळ?"

"विहीणबाई रुखवत बघून जाईपर्यंत."

बिचारा उजव्या हातानं फळी दाबून, अंग चादरीबाहेर काढून, मोठ्या सहज चेहऱ्यानं उभा राहिला. येणारे-जाणारे नमस्कार करत आणि हा डाव्या हातानं, एकाच हातानं, आशीर्वाद दिल्यासारखा नमस्कार परत करी. थोड्याच वेळात माझ्या कानावर आलं, "मुलीचा मामा लई ताठ दिसतोय. दोन हात जोडत न्हाय कुनाला."

मी म्हटलं, असू दे. नवऱ्याची अब्रू गेली तरी चालेल, बंगला राहिला पाहिजे.

आणि माइकवरून गुरुजी गरजले, "मुहूर्ताची वेळ झाली! मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

आम्ही दोघं एकमेकांकडं पाहत राहिलो.

"मामा! मुलीचे मामा कुठं आहेत?"

"जाऊ?" नवऱ्यानं विचारलं.

"जाऊ काय विचारता? एकुलते एक मामा आहात!"

"मग हे?"

'हे' म्हणजे फळी. मी आजूबाजूला पाहिलं. धोंडा नाही, पोतं नाही, खुर्च्यासुद्धा सगळ्या मंडपात पुढं गेलेल्या. मग मी पदर खोचला, टेबलावर चढले आणि फळीच्या टोकावर बसले. नवऱ्यानं हात काढला. बंगला केसभरही हलला नाही. खरं सांगते, इतका स्थिर तो चटणीवरही नव्हता. (माझ्या वजनाबद्दल डॉक्टर काय वाटेल ते म्हणोत, त्या दिवशी ते कामी आलं.)

अशा रीतीनं माझ्या एकुलत्या एका भाचीचं लग्न मी चादरीमागं, टेबलावरून पाय लोंबकळत सोडून ऐकलं. मंगलाष्टकं संपली तेव्हा मी अक्षता चादरीवरून उंच फेकल्या. त्या कुणावर पडल्या कुणास ठाऊक. पलीकडून एका पुरुषाचा "आरं तिच्या!" असा आवाज आला.

मला वाटलं होतं, आता विहीणबाई येतील, पाहतील, जातील, आणि मग मी उतरेन. त्या आल्या. चादरीच्या विणीतून मला धूसर दिसत होतं. मागं त्यांच्या जावा, फेटेवाले काका, वन्सं आणि शालू सावरत केतकी. विहीणबाईंनी खरोखरच चष्मा लावला. तोरण पाहिलं, उलटून मागचे टाके पाहिले. अभ्रे पाहिले. मग त्या बंगल्यापुढं आल्या आणि थांबल्या.

"ह्ये कशावर हाय?"

त्या वाकल्या. बंगल्याखालून हात फिरवला. वर हात फिरवला.

"तार न्हाय. खांब न्हाय." त्यांचा आवाजच बदलला. "भाकरीचं घर, आन् वाऱ्यावर! कुनी केलं वो ह्ये?"

"माझ्या भावजयीनं," वन्सं म्हणाल्या. ते वाक्य त्यांच्या तोंडून इतक्या अभिमानानं निघालं की माझे डोळे भरून यायचे तेवढे राहिले.

"मग बोलवा की मामीला! त्यांचा मान करायचा. ए, ती पैठणीची पिशवी आन गं."

"शैला! अगं शैला!" वन्संनी हाक मारली.

"वन्सं, मी इथंच आहे," मी चादरीमागून म्हटलं.

"मग ये की बाहेर!"

"नाही येत."

वन्संचा आवाज चढला.

"काय म्हणालीस?"

"तुम्ही मान इकडंच पाठवा ना. मी घेते."

आता हे मी अगदी नम्रपणे म्हटलं होतं. पण चादरीच्या पलीकडं जाईपर्यंत त्याचं काय झालं कुणास ठाऊक. विहीणबाईंच्या जावा एकमेकींकडं बघू लागल्या. काका म्हणाले, "मामा ताठ, मामी रुसलेली. काय लोक हायेत!" विहीणबाईंनी चष्मा काढला.

"आमचं काय चुकलं का, वो?" त्यांनी वन्संना विचारलं. असं विचारतात तेव्हा आपलंच चुकलेलं असतं.

वन्संनी चादरीची कड उचलून आत डोकं घातलं. मला टेबलावर बसलेली पाहून त्यांचं तोंड उघडं पडलं. "शैला, ऊठ! विहिणीचा मान नाकारतेस? केतकीला जन्मभर ऐकवतील!"

"उठले तर बंगला पडेल! मग ऐकवणार नाहीत का?"

त्यांच्या खांद्यावरून केतकी आत डोकावली. मुंडावळ्या बांधलेली, कपाळावर घाम. "मामी, काहीतरी कर ना गं."

आणि त्या क्षणी मला जडत्व आठवलं! एका व्हिडिओत एका माणसानं टेबलावरच्या बश्या न हलवता खालचं कापड झटक्यात ओढून काढलं होतं. स्थिर वस्तू स्थिरच राहायला बघते. म्हणजे मी हळूहळू उठले तर बंगल्याला कळेल. पण झटकन उठले, अगदी विजेसारखी, तर बंगल्याला कळायच्या आत बाहेर जाईन, मान घेईन, आणि परत येऊन बसेन! विचार पक्का होता. वेगाचा प्रश्न होता, आणि मी शाळेची बस कितीदा धावत पकडलेली आहे.

"सरका," मी दोघींना म्हटलं, आणि उडी मारली.

बंगल्याला लगेच कळलं.

बाहेरचं टोक खाली गेलं तसं आतलं टोक सपकन वर आलं. ते माझ्या पदरात अडकलं, पदर चादरीत अडकला आणि आम्ही तिघंही, म्हणजे मी, चादर आणि दोरी, पुढं आलो. तळाशी उरलेल्या चटणीसकट बरणी उंच उडाली. बंगला विहीणबाईंच्या पायाशी पडला. असा आवाज झाला की बँडवाल्यांना वाटलं, वरात सुरू करायची खूण आहे. त्यांनी वाजवायला सुरुवातही केली! आणि वरून, सावकाश, सगळं संपल्यावर, लालभडक शेंगाचटणी विहीणबाईंच्या डोक्यावर अक्षतांसारखी उतरली. बरणी काकांनी झेलली. सवयीनं त्यांनी आत बोटही घालून पाहिलं.

बँड थांबला.

"गेलं," वन्सं पुटपुटल्या. "सगळं गेलं."

केतकीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. विहीणबाई हलल्या नाहीत. त्यांच्या केसांत चटणी, खांद्यावर गॅलरीचा तुकडा, आणि चपलेवर सुपारीची नवरी. त्यांनी खाली पाहिलं, उताणी पडलेली फळी पाहिली, आणि मग चादर गुंडाळून जमिनीवर बसलेल्या मला पाहिलं.

"मामी, तुमी मागं बसला व्हता, म्हनून ते हुबं व्हतं?"

"हो," मी म्हटलं. आणि काय सांगू, सवय वाईट! मी तिथंच, त्या ढिगाऱ्यात बसून त्यांना सगळा नियम सांगितला. हा काठ म्हणजे टेकू, हा बंगला म्हणजे भार, टेकूपासूनचं अंतर इतकं आणि तितकं. आधी चटणी होती, ती संपली, मग नारळ, मग मामा, मग मी. विहीणबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. माझ्या नववीच्या वर्गानंही इतकं कधी ऐकलेलं नाही.

"चटनी कुनी संपवली?"

काकांनी बरणी पाठीमागं घेतली.

"म्हंजी," विहीणबाई एकेक शब्द तोलून म्हणाल्या, "तुमीबी त्या रुखवतातच व्हता."

"तसं म्हणता येईल."

"व्हय ना? मग आमच्यात एक पद्धत हाय. रुखवतात मांडलेलं सारं सुनंसंगं सासरी जातं. येकबी वस्तू म्हायेरी ठिवत न्हाईत." त्यांनी कपाळावरची चटणी बोटानं पुसली, चाखली आणि म्हटलं, "बसा गाडीत."

सगळ्यांत आधी केतकी हसली. तिच्या हसण्यावर विहीणबाईंचं तोंड हललं, मग जावा, मग काका, आणि मग सगळा मांडव. वन्सं एकीकडं डोळे पुसत होत्या आणि एकीकडं मला चिमटे काढत होत्या. मला वाटलं, थट्टा झाली, संपली. पण संध्याकाळी गाडी निघायच्या वेळी विहीणबाई मला हाताला धरून घेऊन गेल्या. पाठराखीण म्हणून केतकीची चुलतबहीण जाणार होती, तिला उतरवलं. मी म्हटलं, माझी सोमवारी शाळा आहे. त्या म्हणाल्या, "शाळंला म्हनावं, सामान घरपोच करून यीन." मागं अभ्रे आणि तोरण, पुढं मी. नवरा दोन्ही हात जोडून निरोप द्यायला उभा होता. आता त्याला दोन्ही हात मोकळे होते!

जेऊरला सकाळी त्यांच्या सोप्यात सतरंजीवर रुखवत मांडलं. बंगल्याच्या जागी मोठी पोकळी दिसायला लागली, म्हणून विहीणबाईंनी तिथं खुर्ची ठेवली आणि मला त्यांनी दिलेली पैठणी नेसवून बसवलं. केतकीनं मला चहा आणून दिला. नव्या सुनेला त्या घरात कुणी वाकडा शब्द बोललं नव्हतं. बोलायचं ते सगळं माझ्यावरच खर्च होत होतं, त्यामुळं तिच्यासाठी काही उरतच नव्हतं. मी उठायला लागले की विहीणबाई आतून ओरडायच्या, "हलू नगा, मामी! काय तरी पडंल!"

मग आळीतल्या बायका नव्या सुनेचं रुखवत बघायला आल्या. विहीणबाईंनी त्यांना तोरण दाखवलं, अभ्रे दाखवले आणि शेवटी माझ्याकडं हात केला.

"आन् ह्यो मोटा नग. बाकीचं फुटलं, ह्योच काय तो साबूत आला."

बायकांनी मला पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं. एका म्हाताऱ्या आजींनी जवळ येऊन माझा दंड दाबून बघितला आणि समाधानानं मान हलवली.

"लई भक्कम हाय की गं! घरी केलंय, का इकत आनलंय?"